सफरचंदाचा ‘रोगप्रतिकारक’ वाण : कोणत्या रोगाला, कोणत्या हवेत, कोणत्या खुंटावर?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत आपल्या दैनिकासह बहुतेक मराठी वृत्तपत्रांच्या शेतीविषयक पानांवर नाशिक, सातारा, सोलापूर अशा जिल्ह्यांत सफरचंदाची बाग उभी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या बातम्या येत असतात. नव्या पिकाची जोखीम अंगावर घेणाऱ्याचे कौतुक व्हायलाच हवे आणि ते होते आहे, याचा आनंद आहे. मात्र या बातम्यांत आणि त्यांच्या शेजारी छापल्या जाणाऱ्या रोपवाटिकांच्या जाहिरातींत, लावलेला वाण ‘रोगप्रतिकारक’ असल्याचा दावा जवळजवळ न चुकता केलेला असतो, आणि कोणत्या रोगाला प्रतिकारक, हे मात्र त्यापुढे कोठेही लिहिलेले नसते. माझी सारी नोकरी वनस्पतिरोगशास्त्र शिकवण्यात गेली. त्या अभ्यासाच्या आधारे मला असे म्हणावयाचे आहे की, रोगाचे, प्रदेशाचे आणि खुंटाचे (ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात त्याचे) नाव न घेता केलेला हा दावा शेतकऱ्याच्या उपयोगाचा तर नाहीच, पण त्यावर विसंबून झालेली लागवड पुढे त्याला महागात पडू शकते.

सफरचंदाच्या वेगवेगळ्या वाणांत रोगाला बळी पडण्याच्या बाबतीत मोठे फरक असतात, याविषयी दुमत नाही. अमेरिकेतील राज्य विद्यापीठांच्या कृषी विस्तार विभागांनी या फरकांचे तक्ते अनेक वर्षे प्रसिद्ध केले आहेत. त्यांत एका बाजूला वाणांची नावे, दुसऱ्या बाजूला स्कॅब (फळापानांवर खपलीसारखे डाग पाडणारा बुरशीजन्य रोग), भुरी, तांबेरा आणि फायर ब्लाइट (जिवाणूजन्य रोग) हे चार मुख्य रोग, आणि प्रत्येक चौकटीत ‘अत्यंत प्रतिकारक’पासून ‘अत्यंत संवेदनशील’पर्यंतची एखादी श्रेणी असते. हे तक्ते एका रांगेत वाचत गेले तर लक्षात येते की, सर्वच रकान्यांत उत्तम ठरलेला लोकप्रिय वाण सापडणे फार कठीण आहे. मॅकिन्टॉश हा वाण ज्युनिपर या सूचिपर्णी झाडांवरून येणाऱ्या तांबेऱ्याला जुमानत नाही, पण स्कॅबला तो इतका सहज बळी पडतो की स्कॅबच्या प्रयोगांत संवेदनशील वाणाचे उदाहरण म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. गोल्डन डेलिशस स्कॅबच्या बाबतीत मध्यम आहे, पण तांबेऱ्यापुढे तो पार हतबल होतो. जोनाथनवर भुरी, तांबेरा आणि फायर ब्लाइट हे तिन्ही रोग जोरात येतात. रेड डेलिशस तांबेऱ्याला दाद देत नाही, फायर ब्लाइट आणि भुरीही बऱ्यापैकी सहन करतो, मात्र स्कॅब त्याला सोडत नाही. आज जगभर आणि आपल्या बाजारातही मागणी असलेले गाला आणि फुजी हे वाण स्कॅब आणि फायर ब्लाइट या दोन्हींच्या बाबतीत दुबळे आहेत. रकाना बदलला की क्रमवारी उलटीपालटी होते, आणि म्हणूनच रोगाचे नाव गाळून नुसते ‘प्रतिकारक’ म्हणणे निरर्थक आहे.

हे तक्ते परदेशातून जसेच्या तसे उचलताना एक गोष्ट आपल्याकडे नेहमी निसटते. अमेरिकेतील तांबेऱ्याला आपले जीवनचक्र पूर्ण करण्यासाठी तिकडच्या पूर्व भागात वाढणारे ज्युनिपरचे विशिष्ट झाड लागते. फायर ब्लाइट हा जिवाणूजन्य रोग भारतात प्रस्थापित नाही, त्याला देशाबाहेर ठेवण्यासाठी संगरोधाचे (क्वारंटाइनचे) नियम आहेत आणि ते कडक असणेच योग्य आहे. म्हणजे चारांपैकी दोन रकाने हिमाचल किंवा काश्मीरमधील बागायतदाराला आज फारसे कामाचे नाहीत, मग महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची गोष्टच सोडा. उलट हिमालयातील बागांना ज्यांनी गेली तीन दशके सतावले आहे, ते मार्सोनिना आणि अल्टरनेरिया हे पानांवरचे दोन रोग त्या जुन्या अमेरिकी तक्त्यांत बहुतेक ठिकाणी नाहीतच. तक्ता जिथे तयार होतो तिथले रोग त्यात येतात; यात तक्ता करणाऱ्यांचा काही दोष नाही, पण तो वापरणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवे.

आपल्या देशातील अनुभव पाहावयाचा तर स्कॅबपासूनच सुरुवात करावी लागते. फळावर आणि पानावर आधी मखमली काळपट-हिरवे आणि मग खरखरीत खपलीसारखे डाग पाडणारी ही बुरशी, व्हेंच्युरिया इनइक्वालिस, हिवाळ्यात जमिनीवर पडलेल्या पानांत तग धरते आणि वसंतात पाऊस पडला की तिचे बीजाणू उडून नुकत्याच उमललेल्या कोवळ्या पानांवर जाऊन बसतात. पान किती तास ओले राहिले आणि त्या वेळी तापमान किती होते यावर लागण ठरते. १९४० च्या दशकात अमेरिकेत मिल्स यांनी बसवलेल्या कोष्टकानुसार सुमारे १७ ते २४ अंश सेल्सिअसला नऊ तासांचा ओलावा पुरतो, तर १० अंशांना त्यासाठी सुमारे चौदा तास लागतात. पान जून झाले की त्याच वाणाचे तेच पान या बुरशीला सहसा दाद देत नाही. थंड, ओला वसंत आणि कोवळी पालवी यांची गाठ पडली तरच स्कॅबचे फावते, ही गोष्ट मी मुद्दाम विस्ताराने सांगितली, कारण पुढे महाराष्ट्राचा विचार करताना तिची गरज पडणार आहे.

काश्मीरमध्ये या रोगाची नोंद १९३० च्या दशकात तेथील मूळच्या अंब्री या सुवासिक वाणावर झाली होती, पण त्याने खरा हाहाकार उडवला तो १९७३ मध्ये. हिमाचल प्रदेशात तो १९७७ च्या सुमारास दिसला आणि १९८३ पर्यंत त्याची साथ सफरचंदाच्या पट्ट्यात सर्वदूर पोहोचली. मधल्या काळात या दोन्ही प्रदेशांत काय घडले होते, हे पाहिले तर साथीचे कारण उमगते. सॅम्युएल स्टोक्स, जे पुढे सत्यानंद स्टोक्स म्हणून ओळखले गेले, त्यांनी १९१६ मध्ये सिमल्याजवळच्या कोटगढ येथे अमेरिकेतून डेलिशसची रोपे आणून लावली. गोड, लाल, टिकाऊ आणि बाजारात पटकन उठणारे हे फळ पुढच्या पन्नास वर्षांत इतके पसरले की जुने अनेक वाण बागांतून हद्दपार झाले. अमेरिकेतील आयोवा राज्यात जेसी हायट यांच्या शेतात उगवलेल्या एका झाडापासून डोळे बांधत बांधत, म्हणजे कलमे करत, ही सारी झाडे वाढली आहेत. जगातला प्रत्येक रेड डेलिशस जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकच झाड आहे, आणि त्या एका झाडाला स्कॅब लागतो म्हटल्यावर संपूर्ण खोऱ्यालाच तो लागू शकतो.

येथे रोपवाटिकांच्या आणखी एका दाव्याचा समाचार घेणे आवश्यक आहे. रॉयल डेलिशस, रिचारेड, व्हान्स डेलिशस, ओरेगॉन स्पर, रेड चीफ, स्कार्लेट स्पर, सुपर चीफ, जेरोमाइन ही नावे वेगवेगळी असली तरी हे सारे डेलिशसच्या फांदीवर आपसूक झालेल्या बदलांतून निवडलेले प्रकार आहेत. कोणाचा रंग लवकर चढतो, कोणाचे झाड आखूड पेऱ्यांचे आणि आटोपशीर राहते, कोणाची फळधारणा लवकर सुरू होते. या फरकांना बाजारात किंमत आहे आणि ती मिळावीही. पण स्कॅबविरुद्धची मूळ जडणघडण या बदलांत बदललेली नसते, त्यामुळे जुन्या रॉयलच्या जागी महागडा नवा स्पर (आखूड पेऱ्यांचा) वाण लावला म्हणून स्कॅबची चिंता मिटली असे मानणे चुकीचे आहे. दाट पालवीच्या आणि जवळ जवळ लावलेल्या झाडांत पाने उशिरा वाळतात, त्यामुळे कधी कधी ही चिंता वाढण्याचाच संभव असतो.

डेलिशसचे दुसरे दुखणे अल्टरनेरियाचे आहे. या बुरशीचा सफरचंदावर येणारा प्रकार एक विशिष्ट विष तयार करतो आणि ज्या वाणाच्या पेशी त्या विषाला संवेदनशील असतात त्यांच्याच पानांवर मोठे तपकिरी डाग पडून पाने गळतात. जपानमध्ये १९५० च्या दशकात इंडो नावाच्या वाणावर हा रोग प्रथम ठळकपणे पुढे आला, आणि इंडोप्रमाणेच डेलिशस आणि त्याचे रंगीत प्रकारही त्याला सहज बळी पडतात असे दिसून आले. गंमत म्हणजे स्कॅबला अत्यंत संवेदनशील असलेला मॅकिन्टॉश आणि जवळजवळ सगळ्याच रोगांत मार खाणारा जोनाथन हे दोघेही येथे प्रतिकारक ठरतात. तक्त्यात हा रकाना जोडला की पुन्हा क्रमवारी फिरते.

मार्सोनिनाची गोष्ट याहून गंभीर आहे. हिमाचलात १९९० च्या दशकात पसरलेल्या या रोगाने पावसाळ्यात, फळे अजून झाडावर असतानाच, पाने पिवळी पडून गळू लागतात. पानांवाचून फळाला रंग आणि गोडी येत नाही, पुढच्या वर्षाच्या फळकळ्याही कमजोर होतात. व्यापारी वाणांपैकी या रोगापासून पूर्णपणे सुरक्षित म्हणावा असा वाण नाही. कमी-अधिकपणा आहे, इतकेच. युरोपचा अनुभव तर विशेष बोलका आहे. तेथे स्कॅबला प्रतिकारक असलेले टोपाझसारखे वाण सेंद्रिय बागांत मोठ्या विश्वासाने लावले गेले, कारण त्यांना बुरशीनाशकांच्या फवारण्या कमी लागत. फवारण्या कमी झाल्या, आणि आजवर स्कॅबच्या औषधांनीच परस्पर आटोक्यात राहिलेला मार्सोनिना याच बागांत डोके वर काढू लागला. एका रोगाचा प्रतिकार विकत घेतला म्हणून फवारणीचे वेळापत्रक गुंडाळून ठेवता येत नाही, हे त्यांना या रोगाने शिकवले.

स्कॅब-प्रतिकारक वाणांच्या निर्मितीचा इतिहास मुळात फार रंजक आहे आणि या पत्राच्या विषयाशी त्याचा थेट संबंध असल्याने त्यावर थोडे लिहितो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात क्रॅन्डल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मालस फ्लोरिबुंडा ८२१ या शोभेच्या, अगदी बोराएवढ्या फळांच्या जपानी रानटी सफरचंदाचा खाण्याच्या रोम ब्युटीशी संकर केला होता. त्या संकरांतून पुढे आलेल्या काही झाडांवर भोवतालच्या बागेत स्कॅबचा कहर असतानाही डाग पडत नाहीत, हे हफ यांच्या लक्षात आले. त्यातून १९४५ मध्ये पर्ड्यू, रटगर्स आणि इलिनॉय या तीन विद्यापीठांचा संयुक्त कार्यक्रम उभा राहिला. मोठ्या, गोड फळांच्या वाणांशी पिढ्यानुपिढ्या पुन्हा संकर करत, प्रत्येक पिढीत स्कॅबची कृत्रिम लागण करून तगलेली रोपेच राखत, १९७० मध्ये त्यांनी प्रिमा हा पहिला वाण दिला. पुढे प्रिसिला, एन्टरप्राइज, गोल्डरश असे वाण आले. न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथून लिबर्टी आणि फ्रान्समधून फ्लोरिना हे वाण त्याच एका जनुकाच्या बळावर बाहेर पडले. फळझाडाच्या बाबतीत रोगप्रतिकारासाठी इतक्या चिकाटीने केलेले दुसरे काम मला तरी आठवत नाही.

पण याच वाणांतील प्रिमा आणि गोल्डरश तांबेऱ्याला मोठ्या प्रमाणावर बळी पडतात. ज्या रोगासाठी निवड केली तो प्रतिकार आला, ज्यासाठी केली नाही तो नशिबावर राहिला. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. या जवळजवळ सर्व वाणांतील प्रतिकार एकाच जनुकावर उभा होता. त्याला पूर्वी व्हीएफ म्हणत, आता आरव्हीआय-६ म्हणतात. बुरशीही जिवंत आहे आणि तीही बदलते. १९८० च्या दशकात जर्मनीतील आरेन्सबुर्ग येथे या जनुकाला न जुमानणारा स्कॅबचा सहावा प्रकार आढळला, पाठोपाठ इंग्लंडमध्ये सातवा. तेव्हापासून मध्य युरोपात अनेक ठिकाणी ‘स्कॅब-प्रतिकारक’ वाणांवर स्कॅब दिसू लागला आहे. त्यामुळे आता पैदासकार एकाच वाणात दोन-तीन वेगवेगळी प्रतिकारक जनुके एकत्र आणण्याचा प्रयत्न करतात, आणि रशियातील अँटोनोव्हकासारख्या, एका जनुकावर नव्हे तर अनेक लहान-मोठ्या जनुकांवर टिकाव धरणाऱ्या जुन्या वाणांकडे पुन्हा आदराने पाहू लागले आहेत. अशा वाणावर डाग पडतात, पण थोडे. बाग बुडत नाही.

भारतातही हे वाण आणून पाहिले गेले आहेत. हिमाचलात सोलनजवळच्या नौणी येथील डॉ. यशवंतसिंह परमार विद्यापीठात प्रिमा, प्रिसिला, लिबर्टी, मॅकफ्री, फ्लोरिना यांच्या चाचण्या झाल्या. काश्मीरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाने फिरदौस आणि शिरीन हे स्कॅब-प्रतिकारक संकर स्वतः तयार केले. तरीही डेलिशसचा पट्टा ढळला नाही. कारण उघड आहे. दिल्लीच्या आझादपूरपासून आपल्या वाशीच्या बाजारापर्यंत व्यापारी भाव देतो तो रंगाला आणि आकाराला, पानावर डाग पडला की नाही याला नाही. फवारणीचा खर्च आणि त्रास बागायतदाराचा, फळाचा रंग ग्राहकाच्या डोळ्यांसमोर. ग्राहक म्हणून आपलाही यात वाटा आहे. सालीवर स्कॅबचा एखादा लहानसा डाग असलेले सफरचंद खाण्यास पूर्णपणे सुरक्षित असते, डाग काढून टाकला तर चवीतही फरक पडत नाही. पण तसे फळ आपण हातात घेऊन परत ठेवतो, आणि मग फळावर औषधांचे अंश राहतात म्हणून तक्रारही करतो.

आता खुंटाविषयी. आपल्या द्राक्ष बागायतदाराला डॉगरिज खुंटाचे महत्त्व सांगावे लागत नाही, आणि विदर्भातील संत्रा उत्पादकालाही जंबेरी आणि रंगपूर या खुंटांमधला डिंक्या रोगाच्या बाबतीतला फरक ठाऊक असतो. सफरचंदाच्या बातम्यांत मात्र वाणाचे नाव ठळक असते आणि खुंटाचा उल्लेखही नसतो. सफरचंदाचे झाड म्हणजे दोन झाडांचा जोड आहे. वरच्या भागाचा स्कॅबविषयीचा प्रतिकार मुळांच्या रोगांसमोर काही उपयोगाचा नाही. इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग आणि मर्टन येथील संस्थांनी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील लोकरी मावा या रस शोषणाऱ्या किडीचा उपद्रव डोळ्यांपुढे ठेवून नॉर्दर्न स्पाय या वाणापासून जे खुंट तयार केले, त्यांपैकी एमएम-१०६ आणि एमएम-१११ हे दोन आपल्याकडे प्रसिद्ध आहेत. दोन्ही लोकरी माव्याला दाद देत नाहीत. पण फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जंतूमुळे होणाऱ्या बुडकुजीच्या बाबतीत एमएम-१०६ अत्यंत दुबळा आहे. पाण्याचा निचरा न होणाऱ्या जमिनीत तो लावू नये, असे सगळीकडे सांगितले जाते. एमएम-१११ त्या मानाने चिवट आहे. बुटकी झाडे देणारा एम-९ बुडकूज बऱ्यापैकी सहन करतो, परंतु लोकरी मावा आणि फायर ब्लाइट यांच्यापुढे टिकत नाही. नॉर्दर्न स्पायपासूनच आलेल्या दोन खुंटांतही एवढा फरक असताना ‘कलमी रोप’ एवढ्या वर्णनावर शेतकऱ्याने पैसे मोजावेत, हे मला पटत नाही.

महाराष्ट्रात जे वाण लावले जात आहेत त्यांत एचआरएमएन-९९, अ‍ॅना आणि डॉर्सेट गोल्डन हे तीन प्रमुख आहेत. डेलिशसला फुलण्यासाठी हिवाळ्यात सात अंशांखालील हजारभर तासांची थंडी लागते, ती आपल्याकडे मिळणे शक्य नाही. हे तिन्ही वाण फार कमी थंडीत फुलतात, म्हणून ते येथे आले. एचआरएमएन-९९ हा वाण हिमाचलातील बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी सुमारे १,८०० फुटांच्या उंचीवर विकसित केला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्याची रोपे अनेक राज्यांत पोहोचवली आणि २०२५ मध्ये श्री. शर्मा यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाविषयी मला अत्यंत आदर आहे आणि पुढील विवेचन त्यांच्यावरची टीका नव्हे. हा वाण स्कॅबला प्रतिकारक असल्याचे सांगितले जाते, आणि तेच आपल्याकडील जाहिरातींत ‘रोगप्रतिकारक’ असे होऊन येते. अ‍ॅना हा इस्रायलमध्ये गोल्डन डेलिशसच्या संकरातून आणि डॉर्सेट गोल्डन हा बहामा बेटांवर निवडीतून आलेला वाण. या दोन्हींचा हेतू उष्ण प्रदेशात सफरचंद पिकवणे हा होता. स्कॅबविरुद्ध निवड हा त्यांचा उद्देश नव्हता.

आता वर सांगितलेले स्कॅबचे गणित येथे मांडून पाहावे. महाराष्ट्राच्या पठारावर या झाडांना कोवळी पालवी फुटते ती हिवाळा सरताना, कोरड्या हवेत. त्यानंतरचे तीन-चार महिने पाऊस जवळजवळ नसतो आणि दुपारचे तापमान स्कॅबला मानवणाऱ्या मर्यादेच्या कितीतरी वर जाते. पावसाळा सुरू होतो तेव्हा त्या पालवीची पाने जून झालेली असतात. अशा हवेत मॅकिन्टॉश लावला, तरी त्यावर स्कॅब दिसण्याची शक्यता थोडीच. (मॅकिन्टॉश येथे फुलणारच नाही, हा भाग वेगळा.) म्हणून आपल्या शेतात स्कॅब आला नाही यावरून वाण प्रतिकारक आहे असा निष्कर्ष काढता येत नाही; झाड रोगापासून बचावले ते हवेमुळे. रोगशास्त्रात प्रतिकार आणि बचाव या दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या मानतात, कारण हवा बदलली, अवकाळी पाऊस लांबला, बहर पुढे गेला, की बचावाचा आधार निसटतो. शिवाय जो रोग येथे येणारच नाही त्याच्या प्रतिकारासाठी शेतकऱ्याने जादा किंमत का द्यावी?

मग येथे भीती कशाची? आपल्या पावसाळ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाने दिवसचे दिवस ओली राहतात आणि तापमान बहुतेक काळ वीस ते अठ्ठावीस अंशांच्या आसपास असते. मार्सोनिना आणि अल्टरनेरिया या दोघांनाही नेमके हेच वातावरण हवे असते. हिवाळ्याच्या शेवटी, कोरड्या दिवसांत आणि थंड रात्रींत, भुरीचा विचार करावा लागेल. मात्र नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांनी हे लक्षात घ्यावे की सफरचंदावरील भुरीची बुरशी द्राक्षावरील भुरीहून वेगळी आहे, तेव्हा शेजारच्या द्राक्षबागेतून ती येईल अशी धास्ती नको. सर्वांत मोठी चिंता मात्र मुळांची आहे. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते, तेथे फायटोफ्थोराची बुडकूज संभवते. भुईमूग आणि सूर्यफुलाच्या बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीच्या दाण्यांसारख्या तपकिरी गोळ्या दिसतात, ती स्क्लेरोशियम रॉल्फसाय ही बुरशी आपल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. उष्ण प्रदेशातील सफरचंदाच्या तरुण झाडांवरही ती येते, ही गोष्ट मात्र थंड राज्यांत तयार झालेल्या तक्त्यांत सापडणार नाही. भुईमूग काढलेल्या रानात सफरचंदाची रोपे लावताना एवढी काळजी घेतलीच पाहिजे. बुंध्याला माती लावू नये, ठिबकची नळी खोडाला टेकू देऊ नये, आणि रोपे लावताना कलमाचा जोड जमिनीच्या वर राहील हे पाहावे. या गोष्टी वाणाच्या नावाइतक्याच महत्त्वाच्या आहेत आणि फुकटच्या आहेत.

कोणी म्हणेल, सफरचंदाची बाग अजून राज्यात नखाएवढी आहे, तिच्यासाठी एवढा ऊहापोह कशाला? डाळिंबाच्या बाबतीत भगवा हा एकच वाण आपण राज्यभर पसरवला आणि तेल्या हा जिवाणूजन्य रोग आला तेव्हा पर्याय हातात नव्हता. लागवड लहान आहे तोवरच तुलना करून घेणे स्वस्त असते.

माझ्या सूचना थोड्या आहेत. आपल्या दैनिकाने यापुढे सफरचंदाच्या, किंबहुना कोणत्याही फळपिकाच्या, बातमीत ‘रोगप्रतिकारक’ असा उल्लेख येईल तेथे रोगाचे नाव विचारून छापावे आणि ते मिळाले नाही तर तो उल्लेख गाळावा. जाहिरातींनाही हाच नियम लावता आला तर उत्तम, जरी त्यातली व्यावहारिक अडचण मी समजू शकतो. रोपवाटिकांनी प्रत्येक रोपाच्या चिठ्ठीवर वाणासोबत खुंटाचे नाव, आणि खुंट बियाण्यावरचा असेल तर तसे स्पष्ट, लिहावे. शेतकऱ्याने ते लिहून घेतल्याशिवाय रोप उचलू नये. राज्यातील चार कृषी विद्यापीठांनी आपापल्या विभागात हे तीन-चार कमी थंडीचे वाण किमान दोन वेगवेगळ्या खुंटांवर, हलक्या आणि भारी अशा दोन्ही जमिनींत लावून, फवारणी केलेल्या आणि न केलेल्या झाडांवर पानगळ, भुरी आणि बुडकूज यांच्या नोंदी पाच-सहा पावसाळे ठेवाव्यात. एका हंगामाच्या नोंदीवर श्रेणी ठरवू नये, कारण रोगाला अनुकूल नसलेल्या वर्षी प्रत्येक वाण प्रतिकारक दिसतो. त्या तक्त्यात स्कॅबचा रकाना नसला तरी चालेल; बुडकुजीचा रकाना मात्र पहिला असावा, आणि तो वाणाप्रमाणे नव्हे तर खुंटाप्रमाणे भरलेला असावा.

आपला विश्वासू,
वनस्पतिरोगशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, पुणे